मतपत्रिकेची मागची बाजू

७ ऑक्टोबर
चर्चमधलं माशाचं जेवण. लेलँड आला, आणि सगळे ताटं सोडून उभे राहिले. माझा धाकटा भाऊ, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ना! किळस आली. इथे न्यायाधीशांनाही मतं मागावी लागतात, पण त्याच्यासमोर कुणी उभंसुद्धा नाही — लोकांनी फक्त 'हो, ठेवा' की 'नको' एवढंच सांगायचं. तरी म्हाताऱ्यांचे हात धरून फिरत होता. डोक्यावर शेतकऱ्यासारखी बियाणं कंपनीची टोपी. लहानपणी ट्रॅक्टरवर बसवला की रडायचा.

८ ऑक्टोबर
टीव्हीवर परत तीच जाहिरात. काळा झगा, तुरुंगाचं दार, 'हे न्यायाधीश गुन्हेगार सोडतात.' बंद केला.

११ ऑक्टोबर
शेजारची आर्डिस आली. तिचा मुलगा डेल तुरुंगात आहे, गोदाम जाळलं म्हणून. त्याने जाळलं नाही. त्याचं अपील लेलँडच्या कोर्टात कधीचं पडलंय. आणि ही बाई 'लेलँडला हो म्हणा' अशा पाट्या दारोदार ठोकतेय, गुडघे गेलेले असताना.
"तुझ्या हातचं खाऊन वाढलाय गं तो, व्हर्ना. न्यायच करेल."
पाटी ठोकू दिली.

१८ ऑक्टोबर
लेलँड जेवायला. विचारलं, डेलचं काय?
"असलं विचारायचं नसतं."
"मग जेवू नकोस."
हसला. जेवता जेवता बोललाच. निकाल ठरलाय, सगळ्या न्यायाधीशांचं एकमत. पुरावाच नाही, डेलला सोडायचं. लिहूनसुद्धा तयार.
"मग अडलंय कुठे?"
"मतदान होऊ दे. आत्ता काढला तर जाहिरातवाले मला कच्चा खातील. सगळेच थांबतात गं, थोडे दिवस."
थोडे दिवस. डेलचे.
त्याच्या पुढचं ताट उचललं. म्हटलं, "उद्या काढ. पडलास तर ये घरी, खायला घालीन."
टोपी घालून गेला.

१९ ऑक्टोबर
आर्डिसला सांगावं? बोभाटा होऊन निकालच फिरला तर? तोंड शिवून बसलेय. शी.

२५ ऑक्टोबर
निकाल नाही. आर्डिसने चर्चमध्ये लेलँडसाठी प्रार्थना करवली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी छताकडे बघत बसले.

३ नोव्हेंबर
मतदान. न्यायाधीशांची नावं मागच्या बाजूला, अगदी तळाशी. चष्मा पुसला.

६ नोव्हेंबर
लेलँड पदावर राहिला. आज निकालही बाहेर पडला, डेल सुटणार. आर्डिस घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन आली, अजून गरम. "लेलँडला पोचव. देवमाणूस आहे." माझ्या गळ्यात पडून रडली.
ॲपल पाय ओट्यावरच आहे. पोचवला नाही.

७ नोव्हेंबर
लेलँडचा फोन. खुशीत. "आपल्या गावाचे आकडे बघितले. सगळे हो, एकच नको. कोण गं तो शहाणा?"
म्हटलं, "मी. आता बोल, निकाल का थांबला ते आर्डिसला तू सांगतोस का मी सांगू?"