बाबा आज चालले का?

खर्डी,
रविवार, १८ मे २०२५

ताई,

पाया पडतो. भाऊजींना नमस्कार सांग, रुचिताला आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. कुणाली रिसॉर्टवर कामाला जाते, आठला गेली की संध्याकाळीच येते. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाला. करवंदं यंदा उशिरा आली, पण गोड आहेत.

मी पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोन दोनदा लावला होता. तू "बोल रे मन्या" म्हणालीस आणि मी करवंदांचं बोलून ठेवून दिला.

गेल्या महिन्यात माझी साखर निघाली. शहापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दिवसभर रिक्षात बसून असता. जेवल्यावर पंधरा मिनिटं तरी चाला. गोळी गोळीचं काम करील, पायांचं काम पायांनीच करायला हवं." मी मान डोलावली, बाहेर आलो आणि रिक्षात बसून रडलो. साखरेला घाबरून नाही.

परवा रुचिताचा फोन आला. म्हणाली, "मामा, आई बाजेवरून उठतच नाय. पाणी पण मीच नेऊन देते. गुडघे आखडलेत तिचे. चाल म्हटलं का म्हणते, चालायला लावून मी माझा बाप घालवला, मला कोणी चाल म्हणू नका."

बाबांच्या दहाव्यालाही तू हेच म्हणत होतीस. थंडीत सकाळी चालून त्यांच्या छातीत कफ भरला, आणि चालायला तूच लावलं होतंस. मी तुझ्या शेजारी उभा होतो. सगळं माहीत असून गप्प राहिलो.

ताई, थंडीत बाबा चाललेच नाहीत. थंडीच्या आधीपासून, पाच महिने, ते घराबाहेर पडले नव्हते.

गेल्या ज्येष्ठात तू त्यांना मुरबाडच्या डॉक्टरांकडे नेलंस, रोज अर्धा तास चालायचं ठरलं. बाबा सकाळी ओहळापर्यंत जायचे, येताना चार अंगणांत बसून गप्पा मारून यायचे. दोन महिन्यांत त्यांची साखर उतरली. पोटभर जेवायला लागले, झोप लागायला लागली. मला म्हणाले होते, "संजीनं माझे पाय परत दिले रे."

मग भाद्रपदात बांधावर घसरून पडले. कोपर खरचटलं, दुसरं काही नाही. पण वरच्या आळीतल्या विठूने त्यांना तसंच चिखलाने भरलेलं माझ्या रिक्षा स्टँडवर आणलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हातारा चिखलात लोळतोय नि पोरगा रिक्षा फिरवतोय." ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाबांना बाहेर सोडलं नाही. म्हटलं, कुठे जायचं तर रिक्षा आहे दारात. कुणाली म्हणाली, "बसवून ठेवू नका त्यांना, पाय जातील." मी तिच्यावरच ओरडलो. आणि आता लिहितो ते तिलाही माहीत नाही. ती कामाला गेली की मी दाराला बाहेरून कडी घालायचो. दुपारी जेवायला आलो की काढायचो, जाताना पुन्हा घालायचो आणि संध्याकाळी ती यायच्या आत येऊन काढायचो.

पहिले काही दिवस ते आतून म्हणायचे, "मन्या, ओट्यापरत तरी जाऊ दे रे." मग म्हणायचे बंद झाले. दिवाळीपर्यंत त्यांना आधाराशिवाय उठता येईना. भाऊबीजेला दरवर्षी तू येतेस, त्या वेळी मीच तुझ्याकडे आलो, ते तू इकडे येऊन बघू नयेस म्हणून. पौषात कफ भरला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे किती दिवस पडून आहेत?" मी म्हटलं, आठ दिवस. तू आलीस तेव्हा त्यांच्या पायांवर चादर होती.

तू दर रविवारी फोन करून विचारायचीस, "बाबा आज चालले का?" मी म्हणायचो, हो गो, आत्ताच आले. एका रविवारी तू फोन त्यांच्याकडे द्यायला लावलास. बाबांनी फोन कानाला लावला, माझ्याकडे बघितलं आणि तुला म्हणाले, "गेलो होतो गो, ओहळापरत. आज पाणी बरंय ओहळाला." फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर कधी.

चालते राहिले असते तर ते वाचले असते का, मला सांगता येत नाही. वय झालं होतं. पण शेवटचे पाच महिने ते माणसांत राहिले असते, एवढं मला कळतं. आणि तुझ्या सांगण्याने त्यांचं भलंच होत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पुढच्या रविवारी मी येतो. मला अंगणातूनच परत पाठवलंस तरी मी ऐकेन. भाऊजींना आणि रुचिताला हे पत्र वाचून दाखव, माझी लाज राखू नकोस.

फक्त हे वाचलंस की उद्या सकाळी रुचिताच्या खांद्यावर हात ठेव आणि अंगणात दोन फेऱ्या मार. परवा तीन मार. मला शिव्या देत चाललीस तरी चालेल. पण ताई, माझं पाप तुझ्या गुडघ्यांवर घेऊन बसू नकोस.

बाबांचा आणि तुझा अपराधी,
मनोज