ताईची ओळ

ताई,

आई गेल्याचं तुला शेजारच्या काकूंकडून कळलं असेल. फोन मीच करायला हवा होता, पण नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर तोंड उघडेना.

शेवटी शेवटी ती मलाही ओळखत नव्हती, "अहो बाई" म्हणायची. पण सकाळी तिची वेणी घालताना मी आपलं बदकांचं गाणं धरलं की खुलायची. आपल्या वेण्या घालताना ती म्हणायची ना, तेच. पहिली ओळ तिची, दुसरी माझी. तिसरीला थांबून ती दाराकडे बघत बसायची.

एकदा न राहवून तुझी ओळ मीच म्हटली, तर केवढी रागावली! "अहो बाई, मध्ये मध्ये करू नका. थोरली येतेय माझी."

"येतेय हं," मी रोज म्हणायचे.

त्याच महिन्यात तुझे दोन फोन आले होते. दोन्ही वेळा मी समोरच बसले होते. उचलले नाहीत. रात्रंदिवस तिचं करत होते मी, आणि ती वाट बघत होती तुझी.

हे पत्र पाकिटात घालायचीही माझी छाती नाही. आता घरात मला "अहो बाई" म्हणणारंसुद्धा कुणी नाही गं.

तुझी,
धाकटी