आठव्या घासाची उचकी

आई, तू गेल्यानंतर घडलेली मुख्य गोष्ट आधी सांगते. मी पोटाला पट्टा बसवून घेतलाय. कमरेला नव्हे, आत, जठराच्या वरच्या तोंडाशी. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळावं तसं डॉक्टरांनी ते आवळलंय, म्हणजे थोडं खाल्लं तरी पोट भरतं. करणार काय, साखर वाढली होती, गुडघे जिना बघूनच कुरकुरायचे, आणि शिलाई मशीनवर बसले की माझ्या आणि सुईच्या मध्ये पोट यायचं. तू असतीस तर चार बायकांत म्हणाली असतीस, "देवानं चांगलं धडधाकट पोट दिलं आन् हिनं त्याला येसन घातली." तुझा जावई मात्र खूश आहे. त्याला आता ताटातला दुसरा बोंबील मिळतो.

डॉक्टर म्हणाले, पोट भरलं की थांबायचं. ऐकायला किती सोपं. पण पोट भरलं हे ओळखायचं कसं, ते मला कोणी कधी शिकवलंच नव्हतं. पंचवीस वर्षं राहुरीत ब्लाउज शिवते, बाई दारातून आत आली की टेप न लावता तिचं माप सांगते, पण माझ्या पोटाचं माप कायम तुझ्या डोळ्यांत असायचं. मिशनच्या बोर्डिंगमधलं तुझं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. मुली जेवून गेल्यात, चूल निवत आलीय, मी पाटावर बसलेय. आपली प्रार्थना आखूड आणि जेवण लांब. तिसऱ्या भाकरीनंतर मी ताटावर दोन्ही हात आडवे धरते आणि "पुरे" म्हणते. तू गरम भाकरी सरळ माझ्या हातांवर ठेवतेस, चटका बसून मी हात काढून घेते आणि भाकरी आपोआप ताटात पडते. "पुरे म्हनायची सवय लावू नको," तू म्हणतेस. "पुरे म्हनलं की लोक खरं समजत्यात." लहानपणी दुष्काळी कामावर खडी फोडताना तू तिथं वाटलेल्या मूठभर सुकडीच्या कोरड्या पिठावर दिवस काढलेले. आपल्या पोरीनं ताटावरून भुकेलं उठायचं नाही, एवढाच तुझा हट्ट होता. ते मला तेव्हाही समजायचं, म्हणून मी खायची. तुझ्यासमोर पोट भरलं म्हणणं मला तुझा अपमान केल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगते, तू गेल्यावरही तसंच वाटत राहिलं.

जेवताना मला उचकी लागायची, आठवतं? "मामा आठवन काढतुया," म्हणून तू एकेकाचं नाव घ्यायला लावायचीस. ज्याच्या नावाला उचकी थांबेल तो आठवण काढणारा. आणि त्याच्या नावानं अर्धी भाकरी जास्तीची.

तर दवाखान्यात आहार सांगणारी एक पोरगी आहे, माझ्या धाकट्या गिऱ्हाइकांच्या वयाची. ती म्हणाली, एका वेळी एक वाटी, त्याहून जास्त नाही. मी शहाण्यासारखी पुढच्या खेपेला घरची वाटी पिशवीतून घेऊन गेले, तुझं नाव कोरलेली, जिच्यातून आपण आमटी प्यायचो ती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, आत डोकावली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "ताई, याला आमच्याकडे पातेलं म्हणतात." मग स्वतःच्या कपाटातून तिनं एक वाटी काढली. आई, तेवढ्या वाटीत तू चुलीशेजारी हळद ठेवायचीस.

भाकरीचं तर विचारूच नकोस. तळहाताएवढी थापायची असं ठरवून बसते, पण परातीत हात फिरायला लागले की ती वाढत वाढत तुझ्या मापाची होते. हात तुझे आणि पोट डॉक्टरांचं, यांचा मेळ कसा बसायचा?

पातळ पेज, मऊ खिचडी असं करत करत शेवटी भाकरी खायची परवानगी मिळाली. त्या रविवारी मेथीची भाजी होती. आठव्या घासाला उचकी लागली. तुझा जावई लगेच म्हणाला, "तुझी बहीण आठवण काढत असंल." बहिणीचं नाव घेतलं, एक घास खाल्ला. थांबेना. मग जाऊबाई, एक घास. जिच्या नवरीचा ब्लाउज माझ्याकडे अडकलाय ती कोल्हारची बाई, तिचा एक घास. गावातलं कोणी सुटलं नाही. शेवटी तुझं नाव घेतलं, मोठा घास घेतला, वर पाणी प्याले, आणि छातीत असा दगड अडकला की बोलता येईना. सगळं उलटून पडलं. तुझा जावई घाबरून मोटारसायकलची चावी हातात असताना घरभर चावी शोधत होता.

दवाखान्यात डॉक्टर चांगलेच चिडले. पुन्हा असं झालं तर पट्टा सरकेल, काढावा लागेल आणि मग माझी साखर आणि मी, आमचं आम्ही बघायचं. मी रडायला लागले. त्या पोरीनं बाजूला घेऊन सगळं विचारलं. मी उचकीचं सांगितलं, नावांचंही. ती आधी पोट धरून हसली, मग डोळे पुसून म्हणाली, "ताई, कोणी आठवण काढत नव्हतं. कोणाला शिंक येते, कोणाचं नाक वाहतं, तुम्हाला उचकी लागते. पोट भरलं की ते असंच सांगतं."

घरी येताना मोटारसायकलवर मागे बसून मी मनातल्या मनात हिशोब करत होते. म्हणजे बोर्डिंगच्या त्या पाटावर बसलेली असतानाही माझं पोट पुरे म्हणत होतं, आणि आपण दोघी त्याच्यावर मामाच्या नावाची अर्धी भाकरी वाढत होतो. मला तुझा राग आला. पहिल्यांदाच आला. राहुरीचा फाटा येईपर्यंत टिकला. मग तुझी ती सुकडीची मूठ डोळ्यांपुढे आली आणि तो उतरला.

आता जमतं. लहान ताटली, पोरीनं दिलेली वाटी, प्रत्येक घास दळून दळून. आठव्याला उचकी लागली की ताटली बाजूला सारते आणि तुझ्या जावयाकडे बघून "पुरे" म्हणते. तो खरं समजतो. त्याचं काही बिघडत नाही, माझंही नाही. माझे स्वतःचे ब्लाउज मला दोनदा आत घ्यावे लागलेत.

हे पत्र मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवते. तुला पाठवायचं म्हटलं तरी पत्ता कुठला घालू. फक्त एक गोष्ट आहे, ती डॉक्टरांना सांगितलेली नाही आणि त्या पोरीलाही नाही. ती म्हणते, सवय झाली की उचकी लागायच्या आधीच थांबता येईल, सातव्या घासाला. मला आता हळूहळू ते यायला लागलंय. पण रविवारी मी मुद्दाम आठवा घास घेते, हात धुते, आणि उचकी लागली की पहिलं नाव तुझंच घेते.