विमानाच्या फ्लेक्सवर माझा नंबर

१० ऑगस्ट, रविवार
लढाऊ विमानाची जाहिरात आमच्या गल्लीत कुणासाठी? प्रश्न अप्पांचा. अप्पा आमच्या चाळीच्या गणपती मंडळाचे सेक्रेटरी. गल्लीच्या तोंडावरची कमान यंदा माझ्या ऑफिसच्या क्लायंटने घेतली आहे आणि हा क्लायंट लढाऊ विमानं बनवतो. अप्पा म्हणाले, "दर्शना, तू जाहिरात कंपनीत आहेस म्हणून विचारतो. मसालेवाला बोर्ड लावतो, कळतं. साडीवाला लावतो, कळतं. लालबागमध्ये विमान कोण घेणार? आणि लावणार कुठे? स्कूटरचे वांधे आहेत इथे."
मला उत्तर माहीत नाही. हे फक्त इथे लिहिते. अप्पांना म्हणाले, "स्ट्रॅटेजी असते."
संकल्प : शनिवारपर्यंत उत्तर शोधणे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. शिवाय २९ तारखेला माझे ट्रेनीचे सहा महिने संपतात. कन्फर्म व्हायचंय. बाबा मसाल्याच्या गिरणीत आहेत, त्यांनी गिऱ्हाइकांना मी कन्फर्म झालेच म्हणून सांगून टाकलंय.

११ ऑगस्ट, सोमवार
ऑफिसात विचारलं. शेजारचा हितेंद्र (डिझाइन करतो, स्वतःला हुशार समजतो) म्हणाला, इंजिनिअर पोरांनी नोकरीला यावं म्हणून. मग कॉलेजबाहेर लावा ना. अकाउंट्सवाले म्हणाले, शेअर घेणाऱ्यांसाठी. आमच्या बॉस नूपुर मॅडम म्हणाल्या, "लोकांना बरं वाटावं म्हणून, दर्शना." आणि मीटिंगला गेल्या.
बरं वाटायला आमच्याकडे बाम मिळतो.
जेवणाच्या सुट्टीत मलाच सुचलं. विमान सरकार घेतं. सरकार पैसे आमच्याकडून घेतं. आईने साबणाची वडी घेतली तरी टॅक्स जातो. म्हणजे खरी गिऱ्हाइकं आम्हीच! कंपनीला आमच्याशी बोलायचंय. एवढी साधी गोष्ट अख्ख्या लोअर परळमधल्या ऑफिसांत कुणाच्या लक्षात येऊ नये?
शनिवारपर्यंत थांबावंच लागलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
फ्लेक्सवरची मराठी ओळ माझी. "आकाश तुमचं, जबाबदारी आमची." ती नीट छापली जातेय का बघायला रे रोडला प्रिंटरकडे गेले. मालक गौतमभाऊ. फाइल उघडली आणि म्हणाले, "मॅडम, नंबर कुठाय?" म्हटलं, नंबर नाही. ते म्हणाले, "वीस वर्षं छापतोय. क्लास असू दे, बर्थडे असू दे, श्रद्धांजलीलाही खाली नंबर असतो. नंबर नाही तर पब्लिकने काय नुसतं बघत बसायचं?"
अगदी माझंच मत! मॅडमना चार फोन केले, उचलले नाहीत. मागे तीन माणसं वाढदिवसाचे फ्लेक्स घ्यायला उभी. वेळ पडली तर पुढाकार घ्या, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंच होतं. पुढाकार घेतला. "अधिक माहितीसाठी संपर्क" आणि खाली माझा मोबाइल. गौतमभाऊंनी तो पिवळ्या रंगात विमानापेक्षा जरासाच लहान घेतला.

१८ ऑगस्ट, सोमवार
कमान उभी राहिली. आई खालून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "इमान दारात आणून लावलंस, बसूक कधी गावतला गो?"
पहिला फोन सकाळी सात दहाला, काळाचौकीहून. वेटिंग किती आहे विचारत होते. विमान असं मिळत नाही, हे मी शांतपणे समजावलं. "मग बोर्ड कशाला लावलाय?" म्हणाले. मी त्यांना टॅक्सची थिअरी सुरुवातीपासून सांगितली. मध्येच फोन बंद झाला. पटलं असावं.

२० ऑगस्ट, बुधवार
त्रेसष्ट फोन! वेगळी वही केली आहे.
एका मंडळाला देखाव्यासाठी दहा दिवस विमान हवंय, विसर्जन झालं की परत. एका बाईंना मुलाला नोकरीला चिकटवायचंय, "कुठेही चालेल, अंगाने दणकट आहे, उंचीची भीती नाही." एकाने विचारलं, माझं लग्न झालंय का. (त्याचीही नोंद केली. आकडा तो आकडा.)
लोकांना बोलायचंय. कुणी नंबरच दिला नव्हता, एवढंच. रिपोर्ट लिहायला घेतलाय. नाव : जनतेचा सहभाग. हितेंद्रला दाखवला. त्याने डोक्याला हात लावला. म्हणाला, "तू संपलीस, यार." जळतो.
संकल्प : कन्फर्म झाल्यावर हितेंद्रला सांभाळून घेणे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
आज पहिलं खरं गिऱ्हाईक भेटलं. समोरच्या चाळीतले मनूकाका, मिलमधून रिटायर झालेले. समोर राहतात तरी फोनच केला, म्हणाले, "नंबर दिलाय तर पद्धतशीर विचारतो." एक विमान केवढ्याला पडतं? कबूल केलेली वेळेवर दिली का? फॅक्टरीतली माणसं कायम आहेत की कंत्राटी? "टॅक्स माझो जाता ना गो? मग माका कळूक नको?"
हुबेहूब माझी थिअरी!
उत्तरं माझ्याकडे नव्हती. कंपनीच्या वेबसाइटवर ढगांचे फोटो आहेत. मग मी त्यांना क्लायंटच्या मार्केटिंगच्या साहेबांचा मोबाइल दिला. मीटिंगच्या मेलमध्ये होताच. मनूकाकांना वेळ भरपूर आहे आणि आवाज मिलमधल्या साच्यांच्या खडखडाटात तयार झालेला. साहेबांना आवडेल.

२५ ऑगस्ट, सोमवार
क्लायंटचे साहेब स्वतः ऑफिसात आले! मी रिपोर्टच्या तीन प्रती घेऊन आत गेले.
मनूकाकांनी शनिवार-रविवारात त्यांना सतरा फोन केले होते. एक साहेबांच्या मुलीच्या साखरपुड्यात, अंगठी घालताना. शिवाय तो नंबर त्यांनी जुन्या मिलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला.
मी म्हणाले, सर, यालाच सहभाग म्हणतात. साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. मॅडमकडे बघून म्हणाले, ही कोण?
ते गेल्यावर मॅडमनी दार लावलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "ज्यांना विकायचं असतं त्यांच्याशी ते बंद खोलीत बोलतात. बाकीच्यांनी वर बघायचं आणि छाती फुगवायची. छाती फुगलेला माणूस कंत्राटी-कायम विचारत नाही. अगं, कुणी फोन करू नये म्हणूनच तर ही जाहिरात असते."
मी हे वहीत लिहून घेतलं. मॅडम म्हणाल्या, लिहू नकोस.
परवा गणपती, छापखाने फुल, नवा फ्लेक्स होणार नाही. उद्या ऑफिसला यायच्या आत नंबर झाकायचा, मीच. आणि तो काका परत आमच्यापर्यंत पोचता कामा नये, तेही मीच बघायचं. नाहीतर २९ तारखेला माझा शेवटचा दिवस.
मी म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे, मॅडम, विचार करून सांगते. आता केला. नंबर हलणार नाही. प्रश्न विचारणं हा लोकांचा हक्क आहे. रात्रीच राजीनामा लिहिते, सकाळी त्यांच्या टेबलावर.

२६ ऑगस्ट, मंगळवार, सकाळी सहा
राजीनामा "आदरणीय मॅडम"पर्यंत आलाय. पुढचं मराठीत बरं की इंग्रजीत, ठरत नव्हतं. बाबा गिरणीत जायला निघाले. दारात थांबून म्हणाले, तू शुक्रवारी कन्फर्म होणार, त्या पेढ्यांची ऑर्डर आजच देतो, नंतर मिळायचे नाहीत. किती सांगू? मी म्हणाले, एक किलो.
तोंडातून गेलं.

२६ ऑगस्ट, सकाळी पावणेनऊ, बसस्टॉपवर
अप्पांकडून शिडी घेतली. काळी टेप ऑफिसची. गल्लीत कुणी नसेल असं वाटलं होतं, पण मनूकाका दुधाची पिशवी घेऊन उभे. "काय करतंस गो?" म्हटलं, मेंटेनन्स. शिडी हलत होती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी धरली. मी दहाही आकडे झाकेपर्यंत "सांभाळून, सांभाळून" म्हणत होते.
उतरल्यावर विचारलं, नवो नंबर कधी येतलो? साहेब आता उचलत नाहीत, तुझ्याच फोनवर विचारीन म्हणाले. कंत्राटीचं तेवढं उत्तर राहिलंय.
मी म्हणाले, कधीही करा, काका.
ते शिडी अप्पांकडे पोचवायला गेले, तेवढ्यात मी त्यांचा नंबर ब्लॉक केला.