दोघांचा डबा

बाई,

माझी मुलगी दहावी पास झाली आणि तिला सोमवारपर्यंत विषय सांगायचा होता. सोमवार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेच्या खिडकीपाशी उभं राहून गणित, बायो, कॉमर्स की आर्ट्स हे एकदाचं बोलून टाकायचं आणि पुढे जन्मभर नातेवाइकांना त्याचं कारण सांगत बसायचं. तुमच्या वेळीही हेच होतं. फरक एवढाच की आता टावर चौकातून माधव नगरला पोहोचेपर्यंत डोळ्यांसमोर नुसते कोचिंगचे बोर्ड येतात आणि प्रत्येक बोर्डावर मुलं हसत असतात. इतक्या हसऱ्या मुलांच्या शहरात एवढी रडकी घरं कशी, असं मी माझ्या पेपरातल्या सदरात एकदा लिहिलं होतं. त्यावर एका कोचिंगवाल्याचा फोन आला, "मॅडम, क्या लिखा है! हमने नोटिस बोर्ड पे लगा दिया." आपल्या गावात उपहासाचं हे असं होतं. ज्याला टोचावं तो हार घालायला येतो.

शाळेनेही आपल्या परीने मार्गदर्शन केलं. एक टाय लावलेला मुलगा लॅपटॉप घेऊन आला, त्याने सगळ्यांना प्रश्नावली सोडवायला लावली आणि रंगीत कागदावर निकाल दिला. माझ्या मुलीत नेतृत्वगुण निघाले. घरी येऊन म्हणते, "आई, आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांचं हेच निघालं यार. सगळेच लीडर. मग मागे कोण चालणार?" तिचे बाबा बँकेत आहेत, त्यांना असले प्रश्न पडत नाहीत. ते म्हणाले, "गणित घे. गणित घेतलं की सगळे दरवाजे खुले राहतात." मी म्हटलं, तुम्ही त्याच खुल्या दारात उभे राहून केस पांढरे केलेत, आत कधी जाणार? "हे लिही तू, बोलू नको," ते म्हणाले. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मला आर्ट्स घ्यायचंय. मला आईसारखं लिहायचंय." घरात एकदम शांतता पसरली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं आणि ह्यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं असावं.

त्या शांततेत मला तुम्ही आठवलात. शाळेत सगळ्यांच्या मॅडम, आणि मी बाई म्हणायचे कारण माझी आई म्हणायची. भूगोल शिकवायच्या तुम्ही, पण सहामाही झाली की दहावीच्या मुलींना नकाशे बाजूला ठेवायला सांगायच्या आणि एकेकीला विचारायच्या, काय व्हायचंय? मुली डॉक्टर म्हणायच्या, टीचर म्हणायच्या, एकजण एअर होस्टेस म्हणाली तेव्हा तुम्ही हसला नाहीत, तिच्यासाठी खरंच कोणीतरी शोधत बसलात. मग ते काम करणाऱ्या कोणाकडे तरी मुलीला धाडायच्या. तेही सकाळी नाही, दुपारी, जेवणानंतरच्या त्या आळसट वेळी, जेव्हा कोणतंच काम फार देखणं दिसत नाही. आणि डबा न्यायचा, दोघांचा. "कोणाच्या कामावर जाऊन त्यांचं खायचं नाही, आपलं त्यांना द्यायचं. खुर्चीत बसलेला माणूस तुम्हाला भाषण देईल. डब्याला हात लावला की खरं बोलेल." खाता खाता विचारायचा प्रश्नही तुम्हीच द्यायच्या: ह्या कामात तुम्हाला नकोसं काय वाटतं, आणि तरी रोज करता?

मला डॉक्टर व्हायचं होतं. म्हणजे आईला मी व्हायला हवी होते आणि मला ते समजावून झालं होतं. तुम्ही मला फ्रीगंजमधल्या एका लेडी डॉक्टरांकडे पाठवलंत. मेथीचे पराठे, लिंबाचं लोणचं, दोघींपुरतं. डॉक्टर बाई उभ्या उभ्याच खायला लागल्या आणि म्हणाल्या, "बेटा, सबसे भारी पड़ता है वही बात हर आदमी से ऐसे बोलना जैसे पहली बार बोल रही हूँ." हे मी नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, कारण खरी मजा तिथे होती. कोण कोणाच्या आधी आलं, कोणाचा आजार मोठा, कोण खोकून नंबर पुढे करतो. अख्खी दुपार कशी गेली कळलं नाही.

रविवारी आम्ही मुली तुमच्या स्वयंपाकघरात. हिवाळा आहे, ओट्याखाली मटारची गोणी आहे, आणि तुमचा नियम आहे की जी बोलेल तिने सोलत बोलायचं. खोटं सांगताना मुलींचे हात थांबतात, असं तुमचं म्हणणं. माझे थांबत नाहीत. मी रांगेतल्या एकेकाची नक्कल करते आहे, मुली पोट धरून हसताहेत, तुम्ही पदराने डोळे पुसताय. एक खेड्यातली म्हातारी होती, चिठ्ठी उलटी धरून प्रत्येकाला 'म्हारो नंबर आयो कई?' विचारणारी. तिच्या नकलेवर तर शेजारचे डोकावून गेले. हसून झाल्यावर तुम्ही विचारता, "छान. तिला काय झालं होतं गं?"

मला माहीत नव्हतं.

"एवढा वेळ तिच्याकडे बघत होतीस, आणि हे नाही बघितलंस?" आवाज चढला नव्हता तुमचा. ताट पुढे सरकवलंत आणि दुसऱ्या मुलीकडे वळलात. त्यानंतर मला पुष्कळांनी पुष्कळ सुनावलं आहे, काहींनी वकिलामार्फत. पण इतकं नेमकं कोणाचं लागलेलं नाही. सगळ्या गेल्यावर मला थांबवलंत. म्हणालात, "तू डॉक्टर होऊ नकोस. तू त्या बाकावरची आहेस. पण बसायचंच तर पूर्ण बस, अर्ध्यात उठून नक्कल करायला धावू नकोस." आणि दुसऱ्या दिवशी चपला घालून माझ्या घरी आलात. आई म्हणाली, "बाकावर बसायचा पगार कोण देतं, बाई?" तुम्ही म्हणालात, "ते मलाही माहीत नाही हो. पण हिला डॉक्टर केलंत तर पेशंट घाबरून बरे होतील." आई हसली आणि मी आर्ट्सला गेले. तुम्हाला मी एकदा विचारलं होतं, तुम्ही कोणाकडे डबा घेऊन गेला होतात? "आम्हाला कोण पाठवतंय! शाळेतून काढलं आणि मांडवात बसवलं. बी.ए., बी.एड. सासऱ्यांनी करवलं, पगार बरा म्हणून." एवढं बोलून तुम्ही शेंगा सोलत राहिलात. हात थांबले नाहीत.

तर माझ्या मुलीला मी तुमचीच वाट दाखवली. म्हटलं, आर्ट्स घे नाहीतर गणित घे, आधी डबा घे. पहिल्यांदा बाबांच्या बँकेत गेली. तिथे तिला कळलं की बाबा रोज सकाळी पहिल्या पायरीपाशी थांबतात आणि परत घरी जावं का असा विचार करतात. हे मला माहीत नव्हतं, बाई. त्या दिवसापासून खुल्या दरवाजाचा विनोद मी केलेला नाही. मग आमच्या गल्लीतल्या लंगड्या वासराला लोकांनी गाडीत घातलं तेव्हा ही त्याच्याबरोबर ढोर अस्पतालात गेली, आणि तिथेच राहिली दुपारभर. परत आली ती शेणाने माखून. तिथल्या डॉक्टरांनी गमबूट न काढता हिच्या डब्यातली बटाट्याची भाजी संपवली आणि प्रश्नाला म्हणाले, "मालिक को बताना कि अब नहीं बचेगी. जानवर तो समझ जाता है, मालिक नहीं समझता." हे सांगून ती नळाखाली हातपाय घासायला लागली. मी म्हटलं, बोअर झालीस? "नाही ना. तिकडे नंतर काहीच नव्हतं, एक म्हैस फक्त. मी बसून राहिले तिच्याजवळ."

शनिवारी दुपारी मी सदर लिहीत बसले होते, म्हणजे पंख्याकडे बघत होते. तेवढ्यात दारावर टकटक. माझ्याच घरात, माझ्याच खोलीच्या दारावर. मुलगी उभी, हातात डबा. "मॅडम, आत येऊ?" माझ्याच स्वयंपाकघरातून माझीच पोळीभाजी भरून आणली होती, दोघींची. मला हसू आलं, पण तिला येत नव्हतं. समोर बसली, डबा उघडला, मला वाढलं. आणि विचारलं, "तुला ह्यात नकोसं काय वाटतं, आणि तरी रोज करतेस?"

मला दहा उत्तरं येत होती, त्यातली सहा तरी छापण्यासारखी. घास हातात होता. तो तसाच राहिला. मग मी खरं सांगितलं, की मला रोज कोणाचं तरी काहीतरी चुकलेलं शोधावं लागतं. सगळे नीट वागले तर माझा दिवस वाया जातो. सकाळी पेपर उघडते आणि काही वाईट नसेल तर मला भीती वाटते.

"म्हणजे सगळ्यांचा चांगला दिवस तुझा खराब असतो?"

"हो."

"घरात पण शोधतेस?"

"घरात जास्त सापडतं."

ती हसली, पण पोळीचा तुकडा तिने बराच वेळ चावला. माझ्या ताटात उरलेली भाजी तिने घातली, डबा घासून ठेवला, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी आम्हा दोघांना सांगितलं, बायो. पक्कं. ढोरांची डॉक्टर. ह्यांनी कप खाली ठेवला. "अगं, निदान माणसांची तरी हो!" ती म्हणाली, "बाबा, माणसं बोलतात किती. म्हैस नुसती बघते, आणि आपल्याला समजून घ्यावं लागतं." आणि मला आत कुठेतरी टोचलं, कारण असं वाक्य मिळावं म्हणून मी आठवडाभर पंख्याकडे बघते आणि हिने ते चहात बिस्कीट बुडवता बुडवता टाकून दिलं.

मी तिला जवळ घेतलं. छान केलंस म्हटलं. ह्यांना समजावलं, आजीला फोनवर समजावलं, सोमवारी तिच्याबरोबर खिडकीपर्यंत गेले. सगळं तुमच्यासारखं केलं, चपला घालून. मुलीने पोट धरून हसण्यासारखं काही नसलेली एक दुपार एका म्हशीजवळ आनंदाने घालवली, ह्याहून चांगली खूण तुम्हीही मागितली नसतीत.

हे पत्र सेव्ह करणार नाही. घरात कॉम्प्युटर एकच आहे आणि ती सध्या त्यावर गाईच्या पोटाचे कप्पे बघत असते, तिला सापडायला नको. कारण शनिवारी तिने मला नकोसं काय ते विचारलं, आणि मी ते सांगितलं. हवंसं काय ते तिने विचारलं नाही. मी ते आपण होऊन सांगितलं असतं तर, असं वाटतं, आणि बरं झालं नाही सांगितलं, असंही. खरं तर, बाई, मला वाटलं होतं, सगळं ऐकूनही ती म्हणेल, "तरी आर्ट्सच."