दारातली लाकडं

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ओटा पुसला, पुन्हा लाल. उलव्याच्या बाजूला विमानतळाच्या भरावाचे डंपर अखंड चालू आणि त्यांची सगळी माती आमच्या घरात. वि. म्हणतो, मोकळी हवा. याच मोकळ्या हवेसाठी नवऱ्याने गोरेगावचा फ्लॅट विकला आणि निवृत्तीनंतर या गावात घर घेतलं. ती हवा मी रोज फडक्याने गोळा करते आणि मोरीत पिळते. त्याला म्हटलं तर, "सहा महिने दे, सवय होईल." सहा महिने परवाच झाले.

वीज दुपारी गेली ती संध्याकाळी आली. मुंबईत लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरीवर ओरडता यायचं. इथे ओरडायचं कोणावर?

६ नोव्हेंबर
गावात रुळलं कोण, तर सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. शेजारची हिराबाय खाडीतली मासळी विकून दुपारी परत आली की रिकामी पाटी आमच्या ओट्यावर ठेवते आणि सासूबाईंजवळ फतकल मारते. वि.ने हौसेने बसवलेल्या लोखंडी फाटकातून ती कधी येत नाही. मागच्या कुंपणाच्या फटीतून येते. येताना निवट्या मासे नाहीतर चार चिंबोऱ्या घेऊन. "आये, जेवलीस काय?"

आज सासूबाई तिला म्हणाल्या, "पन्नास वर्षं मुंबईत काढली, पण जेवलीस का म्हणून कुणी विचारलं नाही बघ."
मी आतून ऐकलं. लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा मी विचारते, ते धरलंच नाही म्हणायचं.

१४ नोव्हें., शुक्र.
हिराबाय थेट स्वैपाकघरात. पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं. "वयनी, यात कोकम घालाचा ना." मी म्हटलं, येताना हाक तरी मारावी. ती हसली. "दार उगडं हाय, मंग हाक क्याला?"
तेव्हापासून मागच्या दाराला कडी घालते. सासूबाई उठून काढतात. मी पुन्हा घालते. दिवसभर हाच धंदा.

७ डिसेंबर, रविवार
सासूबाई गेल्या.
सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या. उठवायला गेले तर—

वि. फोन घेऊन बसला. पनवेलचे डॉक्टर, दाखला, शववाहिका, विद्युतदाहिनी. सगळं बसल्या जागी. त्याचे दोन चुलतभाऊ परस्पर पनवेलला आले. शववाहिका आली तेव्हा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुरुष खाडीवर, बायका कामाला, हिराबाय उलव्यात पाटी घेऊन बसलेली. मी म्हटलं, शेजारी सांगायचं का? वि. म्हणाला, "नको. कोणाला त्रास नको." मलाही ते बरोबरच वाटलं. आम्ही आयुष्यभर असेच वागलो.

दुपारी परत आलो तर फाटकाबाहेर अख्खं गाव उभं. कुलूप आम्ही लावून गेलेलो. कोणीतरी गाडी जाताना पाहिली असणार आणि सासूबाईंना घरीच परत आणणार असं धरलं असणार. बांबू आणलेले, मडकं आणलेलं आणि लाकडांची ही एवढी रास. इथे कोणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. मला आज कळलं. लोक होड्या सोडून आले होते, पायांवर चिखल तसाच वाळलेला.

हिराबाय पुढे आली. "आये कुठं हाय?"
वि. म्हणाला, "झालं सगळं. पनवेलला. तुम्हा कोणाला त्रास नको म्हणून—"
"तरास?" एवढंच बोलली.
कोणी भांडलं नाही, आवाज चढवला नाही. एकेक करून सगळे गेले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ डिसें.
लाकडं तिथेच, फाटकाला लागून. जनार्दनला हाक मारली. हिराबायचा मुलगा, भरावावर डंपर चालवतो. म्हटलं, ज्याची त्याला परत नेऊ द्या ना.
"मयताला काडलेला लाकूड परत घरान नाय नेत, काकी."
मग आम्ही काय करायचं?
"ठेवा," म्हणाला आणि डंपर सुरू केला.

११ डिसें.
वि. अजून रडलेला नाही. मोबाईलवर सांत्वनाचे मेसेज येतात, त्यांना हात जोडलेलं चित्र पाठवतो. सासूबाईंची काठी मी कपाटामागे ठेवली, ती त्याने काढून पुन्हा ओट्यावर ठेवली.

राग कोणाचा येतो तेच कळत नाही. गोरेगावात खालच्या मजल्यावरचे काका गेले ते आम्हाला लिफ्टजवळच्या फळ्यावर वाचून कळलं होतं. त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. घरच्यांनी किती शांतपणे उरकलं म्हणून कौतुकच झालं. तोच शहाणपणा घेऊन आम्ही इथे आलो. आणि ही माणसं! आमची सासू, आमचं दुःख, यांना कशाला रुसायला हवं?
ओट्यावर बसवत नाही. समोर तो ढीग.

१९ डिसें., शुक्रवार
तेरावं. पनवेलहून केटरर सांगितला. वडे, खीर, लाडू. वि.ने जनार्दनला मेसेज टाकला होता, सर्व ग्रामस्थांनी भोजनास यावे. इथे घरोघर जाऊन उंबऱ्यावर उभं राहून सांगावं लागतं, हे जेवण थंड झाल्यावर मुंबईहून आलेल्या चुलत नणंदेने सांगितलं. तिला बरं ठाऊक!
कोणी आलं नाही. मांडव रिकामा, खुर्च्या रिकाम्या. केटररची मुलं मोबाईल बघत बसलेली. शेवटी सगळं जेवण भरावावरच्या मजुरांच्या झोपड्यांत नेऊन वाटलं. त्यांनी तरी पोटभर खाल्लं.
वि. रात्री म्हणाला, "लोकांना माणुसकीच नाही." मी दिवा मालवला. आधीच डोकं दुखत होतं.

२ जानेवारी
हिराबाय पाटी घेऊन दारावरून जाते. डावीकडच्या घरी थांबते, उजवीकडच्या घरी थांबते. मधलं घर नाहीच. मी मुद्दाम फाटकात उभी राहिले. नजर माझ्यातून आरपार गेली. मग टमटमने पनवेल गाठलं आणि बर्फातली सुरमई आणली. वि. म्हणाला, वास येतोय. म्हटलं, येणारच.
मागच्या दाराची कडी आता काढून ठेवते. कोणी येत नाही.

१८ जाने., रविवार
आज गेले तिच्याकडे. किती दिवस झुरायचं? ती अंगणात जवळा वाळत घालत होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी आपली दगडावर टेकले.
जवळा पसरत, खाली बघतच बोलली. "आयेनं मना सांगलेला. हिरे, मेल्यावर मना तुमच्या खाडीवर न्या. मी शबूद दिल्ता तिला."
मी म्हटलं, आम्हाला हे माहीतच नव्हतं.
"इचारलंव कवा?"
मुलाला नाही, सुनेला नाही, सांगितलं ते मासळीवालीला. एवढ्याशा घरात तिघं राहत होतो.
वि.ला घरी येऊन सांगितलं. तो उठून मोरीत गेला, नळ सोडला. खूप वेळ नळ चालू होता. टाकी रिकामी झाली. मी पंप लावला.

११ फेब्रुवारी
खालच्या आळीतले एक म्हातारे गेले. सकाळीच टेंपो फिरला, घरोघर लाकूड घेत. प्रत्येक दारात कोणी ना कोणी आपलं लाकूड घेऊन उभं. आमच्याकडे लाकूड कुठलं? गॅस आहे. परसात एक शेवगा, तो बोटाने मोडतो. तरी वि. धावत गेला, त्याची एक फांदी तोडली आणि ती धरून फाटकात उभा राहिला. मला बघवेना.
टेंपो थांबला नाही. वि. मागून ओरडला, "अहो, आमचंही घ्या ना!"
जनार्दन टपावर बसला होता. त्याने ढिगाकडे बोट केलं. "तुमचा हाय की दारान. तो तुमालाच लागंल."
तुसडेपणाने नाही म्हणाला. वस्तू कुठे ठेवलीय हे सांगावं तसं. म्हणूनच जास्त लागलं.

१२ फेब्रु.
झोप नाही. आम्हाला मूलबाळ नाही. दोघांतलं एक आधी जाणार आणि मागे राहील ते काय करणार? फोन. डॉक्टर, दाखला, गाडी. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार, झाले खांदे. मुंबईत याची कधी भीती वाटली नव्हती. तिथे सगळ्यांचं असंच होतं. इथे बघितलं, काल अख्खी आळी चालत गेली त्या म्हाताऱ्यामागून. कोणाशी पटत नव्हतं म्हणे त्याचं. तरी गेली.
मी गेले तर कोण येईल?

३ मार्च, मंगळवार
होळी. गावातली पोरं दिसेल ते लाकूड पळवतात, तशी रीतच आहे. आमचा परसातला बाक गेला, कुंपणाची दांडकी गेली, वि.ची बागेतली खुरपी मुठीसकट गेली. फाटकाला लागून एवढा ढीग आयता पडलेला, एकाही पोराने ढलपी उचलली नाही. वळसा घालून गेली. मोठ्यांनी त्यांना सांगितलं असेल का? की सांगावंच लागत नाही?
बाक माझा आवडता होता. मेल्यांनी तो बरा नेला.

५ एप्रिल
वि.ने घर विकायला काढलंय. मला कळलं ते एजंट दारात आल्यावर. द्रोणागिरीला कुठे टॉवर होतोय, त्यात सातवा मजला, लिफ्ट, वॉचमन. एजंट म्हणाला, "घर चांगलं आहे साहेब, फक्त ते सरपण हटवा. गिऱ्हाईक विचारतं."
वि.ने करंजाड्याहून टेंपो आणि दोन माणसं बोलावली. चहाच्या टपरीवर त्यांना काय ते कळलं असणार. ढिगाजवळ आली, बघितलं, रिकामा टेंपो घेऊन गेली.
वि. स्वतः एक ओंडका उचलायला वाकला. उचलला नाही. हात नुसता वर ठेवून उभा राहिला आणि मग रडला. आईसाठी, चार महिन्यांनी, भर रस्त्यात. शेजारच्या खिडकीतून हिराबाय बघत होती.

६ एप्रिल
भांडण. मोठं. तो म्हणाला, "तुलाच नको होतं ना इथे? सुरुवातीपासून तोंड वाकडं! मग चल."
मी म्हटलं, "मला न विचारता आणलंस. आईंना न विचारता नेलंस. आता पुन्हा मला न विचारता नेणार?"
तो म्हणाला, मग विचारतो. येतेस?
नाही म्हटलं. का, ते मला सांगता येईना. हे गाव मला आवडत नाही, अजूनही नाही. धूळ, ती विमानं, रात्रभर डीजेच्या हळदी. पण सातव्या मजल्यावर कोणी रुसायलाही येणार नाही.

१७ मे, रविवार
वि.ने एजंटचा फोन उचलणं सोडलंय. विकायचं की नाही, बोलत नाही. मी विचारत नाही.

पनवेलहून काल निळी ताडपत्री आणली. पुढच्या महिन्यात पाऊस आला की लाकडं भिजून कुजणार. आज सकाळी ती ढिगावर घालायला गेले. वारा असा की एक टोक धरलं तर दुसरं तोंडावर. वि. आत आंघोळीला. मी एकटीच झगडतेय, रडकुंडीला आलेली, आणि ताडपत्री एकदम ताणली गेली. बघते तर पलीकडचं टोक हिराबायच्या हातात.
तिने टोकावर दगड ठेवला, दुसऱ्या टोकावर दुसरा. मग खाली वाकून हात घालून बघितलं आणि हात झाडले.
"खालून इटा लाव. वालवी लागंल."
गेली. फाटकाकडूनच, कुंपणाच्या फटीतून नाही.

वि.ला सांगितलं. तो म्हणाला, "आणखी काय म्हणाली?" काही नाही. "मग उद्या येईल का?" मला काय माहीत?

उद्या विटा आणायच्या. एवढं लाकूड एकालाच पुरेल की दोघांना होईल, हे तिला विचारायचं राहिलं.