पिवळं खाली

३ जानेवारी, शुक्र.

नाटकाचं पोस्टर आलं. बाळ्याने पाठवलं. (बाळ्या म्हणजे आमचा लाइटवाला. ग्रुपमधला एवढाच अजून बोलतो माझ्याशी.)

'संकल्पना, लेखन, दिग्दर्शन : प्रसाद.' खाली ऋताचा, माझ्या जागी घेतलेल्या पोरीचा, मोठा फोटो. वाकलेली. माझं वाकणं वाकलेली! मी कुठेच नाही. आभारातसुद्धा नाही. आभारात चहावाला आहे, माझी काही तक्रार नाही, चहा चांगला देतो.

लेखन म्हणे. कसलं लेखन? नाटकात बोललं जाणारं एक वाक्य नाही. एका चित्रासमोर उभं राहायचं, तोंड बंद, आणि चित्राला अंगाने उत्तर द्यायचं, ही आमची पद्धत. ज्याला जे सापडेल त्याला त्याचं नाव. 'बाळ्याची उडी', 'वैशालीचं वाकणं'. सहा महिने सगळे तेच म्हणत होते. प्रसादही म्हणत होता.

आजपासून त्याचं नाव या वहीत लिहिणार नाही. महाराज म्हणेन.

५ जाने., रवि.

सकाळपासून डोकं तापलंय. आईला वाटलं ऑफिसात काही झालं. म्हटलं, हो.

तिला काय सांगू? ते वाकणं तिचंच आहे. नायगावच्या आमच्या चाळीत गॅलरीत ऊन येतं ते एवढंसं, पाटाएवढं. आई पापडाचं सूप त्या उन्हात ठेवायची. ऊन सरकलं की वाकून सूप सरकवायची. परत सरकलं, परत वाकायची. पार भिंतीपर्यंत. मग ऊन भिंतीवर चढायचं आणि आई सूप उचलून घरात. चित्रातला खालचा पिवळा तुकडा बघितला आणि मी काही ठरवायच्या आत वाकले होते. तालमीच्या हॉलमध्ये कुणी हललं नाही. महाराजांच्या डोळ्यात पाणी! पुसलंन् आणि ढापलंन्.

डिसेंबरात म्हणाला, "वैशाली, राग मानू नकोस, स्टेजवर तुझं वय दिसतं गं. फेस्टिव्हलला फ्रेश चेहरा हवा." चव्वेचाळीस. दिसणारच की.

८ जाने., बुध.

ऋताचा फोन. पोर गोड आहे, त्यामुळे जास्तच राग येतो.

"ताई, ते वाकणं जमत नाहीये. सर म्हणतात आतून येऊ दे. आतून काय येऊ दे?"

म्हटलं, "सरांनाच विचार. त्यांनीच लिहिलंय ना?"

  तिने फोन ठेवला.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? संध्याकाळी परळ नाक्यावर भजी खाल्ली.

१० जाने., शुक्र.

आज सुचलं. ऑफिसात, पाकिटांवर शिक्के मारता मारता.

चित्र उलटं आहे.

हे मला ऑक्टोबरपासून माहितीये. महाराजांनी चित्र नेटवरून उतरवलं, लालबागला फ्लेक्स करून आणला. गुंडाळी सोडली तर कुणालाच वर-खाली कळेना. सगळं करडं, त्यात रेघा, एका टोकाला पिवळा तुकडा. मी स्टुलावर चढलेले, हातात दोरी. महाराज खालून, कमरेवर हात, ठाम : "पिवळं खाली. पिवळं खाली घे!" घेतलं. नंतर एका शनिवारी मी एकटी फोर्टच्या गॅलरीत जाऊन मूळ चित्र बघून आले. पिवळं वर. अगदी वर, कोपऱ्यात.

बोलले नाही. सांगितलं असतं तर चित्र सुलट झालं असतं आणि माझं वाकणं गेलं असतं. वर बघून कोण वाकतं?

आता तेच उलटं चित्र पोस्टरवर आहे. पडद्यावर भलंमोठं येणार आहे. आणि चित्रकार बाई जिवंत आहेत. गिरगावात राहतात.

१२ जाने., रवि.

गेले. ठाकूरद्वारची जुनी इमारत, लाकडी जिना. बाई ऐंशीच्या पुढच्या, केस कापलेले, गाऊनवर स्वेटर. त्यांना वाटलं पेपरची बाई आली, पैसे मागायला.

मी म्हटलं, तुमच्या चित्रावर नाटक होतंय, दादरला, सव्वीसला.

"हो, कुणाचं तरी पत्र आलं होतं. परवानगी दिली मी. चित्रावर नाटक म्हणजे करतात काय?"

"बघतात आणि हलतात."

"मी पण तेच केलं आयुष्यभर," म्हणाल्या आणि खूप हसल्या. चहा दिला. साखर विसरल्या. मी तसाच प्यायले.

"मी कुठे जात नाही हल्ली. गुडघे."

"टॅक्सी मी आणते. तुम्ही याच."

"तू कोण त्यातली?"

"पूर्वी होते."

 पुढे विचारलं नाही. येते म्हणाल्या.

जिना दोन-दोन पायऱ्या उतरले. आनंदाने. होय, आनंदाने.

१४ जाने., मंगळ.

संक्रांत. महाराजांचा सगळ्यांना मेसेज, मलाही : 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला.' खाली नाटकाचं पोस्टर जोडलेलं. निर्लज्जम् सदासुखी.

उत्तर दिलं : 'चित्रकार बाई येतायत शोला. अभिनंदन.'

लगेच फोन. तो! दीड महिन्याने! "अगं काय सांगतेस! तू बोललीस त्यांच्याशी? वैशाली, तुझं मन मोठं आहे हां." शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, स्टेजवर, शो संपल्यावर, माइक देऊन.

माइकसुद्धा देणार. मी न मागता.

आईने लाडू दिले. तीन खाल्ले.

१९ जाने., रवि.

बाळ्या भेटला हिंदमाताला. बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आला होता, मला रंग विचारायला बोलावलं. अंजिरी घ्यायला लावली.

त्याला सांगून टाकलं. चित्र उलटं आहे ते.

 म्हणाला, "मग सांग ना यार त्याला. अजून आठवडा आहे."

"का सांगू?"

"ऋताचा पण शो आहे तो. माझा पण आहे."

मी म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा बसला तेव्हा तू बोललास का काही? पोस्टर बघून बोललास?

बाळ्या साडीची पिशवी या हातातून त्या हातात. "तू सांगणार नसशील तर मी पण नाही सांगणार. पण मला हे पटलेलं नाहीये."

नको पटू दे.

२३ जाने., गुरु.

आईला घेऊन जायचं ठरवलं. आधी नको म्हणत होते. पण आपलं वाकणं दुसरी करते ते तिने बघावं. आणि मग महाराजांचं तोंड बघावं.

तिला एवढंच सांगितलं, माझं जुनं नाटक आहे.

"तू आसस त्यात?"

"नाही गं. बघायला जायचंय."

"मगे माका कित्याक?" म्हणाली, पण नारायणपेठ काढून उन्हात टाकली.

२६ जाने., रवि.

(परत येऊन लगेच लिहितेय. सगळं नीट लिहायचंय.)

बाईंना टॅक्सीने आणलं. पहिल्या रांगेत बसवलं. मी आणि आई मागे, सातवी-आठवी असेल. तिसरी घंटा. पडदा उघडला आणि ते चित्र, पूर्ण भिंतभर, पिवळं खाली. मी चित्र बघतच नव्हते. बाईंची मान बघत होते. बाईंची मान एका बाजूला कलली. मग दुसऱ्या. मला हसू आवरेना.

ऋता वाकली. वाईट नव्हतं. पण सूप नव्हतं तिच्या हातात, हवा होती. सरकताना उन्हाकडे बघतच नव्हती, लोकांकडे बघत होती. आई माझ्या कानात : "ह्या पोराची कंबर दुखता काय?"

ओळखलंन् नाही. स्वतःचं वाकणं ओळखलंन् नाही.

टाळ्या. शाल. श्रीफळ. महाराज झब्ब्यात, हात जोडून. बाईंनी माइक घेतला.

"मला आवडलं. त्या मुलीचं वाकणं फार आवडलं. फक्त माझं चित्र उलटं टांगलंय."

 कुठूनतरी एक हसणं, मग चार. महाराज पांढरे पडले. देवा, ते पांढरे पडणं! ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. याच्यासाठी मी बिनसाखरेचा चहा प्यायले होते.

आणि मग त्याने माइक घेतला. घसा खाकरला.

"ताई, मनापासून क्षमा मागतो. आमच्या ग्रुपमध्ये सुरुवातीला वैशाली सावंत म्हणून एक होती. चित्र तिने टांगलं होतं. आम्ही विश्वास ठेवला. तिची चूक, पण जबाबदारी दिग्दर्शक म्हणून माझी."

टाळ्या! जबाबदारी घेतली म्हणून त्याला टाळ्या!

 उठून ओरडायचं होतं, 'पिवळं खाली' कोण म्हणालं ते. खुर्चीतच बसून राहिले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बाईंना आणलं कुणी? मी. टॅक्सी करून.

तेवढ्यात आईने माझा हात पकडला. तोवर सगळ्यात जोरात टाळ्या तीच वाजवत होती. तिला हल्ली ऐकू कमी येतं. "तुझा नाव घेतल्यान गे! माइकवर! वैशाली सावंत म्हणालो ना? मी आयकलंय!"

शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, माझा चेडू.

२७ जाने., सोम.

सुट्टी टाकली. भांडी घासता घासता कळलं काय बोलायला हवं होतं. चित्र उलटं टांगलं ती चूक माझी ना? मग पिवळं खाली आलं ते माझ्यामुळे. पिवळं खाली आलं म्हणून मी वाकले. मग वाकणं कुणाचं, रे चोरा? उलटं माझं आणि वाकणं तुझं?

अक्कल कायम दुसऱ्या दिवशी येते.

बाळ्याने क्लिप पाठवली. अख्खं रेकॉर्ड केलंय त्याने, बाईंचं आणि त्याचं. खाली लिहिलंय, 'सगळ्या ग्रुपवर टाक. मी बोलेन तुझ्या बाजूने. पिवळं खाली तोच म्हणाला होता, मी होतो तिथे.'

२९ जाने., बुध.

बाईंचा फोन. नंबर मीच दिला होता.

"टॅक्सीवाली, तूच ना ती वैशाली?"

हो म्हटलं.

"मला खरं सांग. तुला माहीत होतं ना?"

हो म्हटलं.

"हलकट आहेस," म्हणाल्या. पण हसत. मग म्हणाल्या, "ते वाकणं कुणाचं ते शनिवारी येऊन सांग. आणि करून दाखव. त्यालाही बोलावते. समोरासमोर होऊ दे."

याच्यासाठी तर जीव टाकत होते. समोरासमोर. क्लिप घेऊन जाईन. फाडून खाईन त्याला.

३१ जाने., शुक्र.

ऑफिसातून आले तर गॅलरीत गर्दी. आईने पूर्ण मजला गोळा केलाय. राणे काकू, वरच्या दोघी, पोलीस क्वार्टर्समधली तिची मैत्रीण. कांदेपोहे केलेत. बाळ्या दुपारी घरी येऊन गेला म्हणे, त्याने तिला सांगितलं की वैशालीकडे व्हिडिओ आहे.

"हिचा नाव घेतल्यानी थंय, मोठ्या थेटरात," आई सांगतेय. राणे काकू म्हणतात, "आता नाव घ्यायला लागले हां वैशालीचं. इतकी वर्षं केलंन् पोरीने." आईचा चेहरा असा मी दहावीच्या निकालानंतर बघितला नव्हता.

उद्या ही क्लिप लावली तर तो मेलाच. ग्रुपवर टाकली तर दादरमध्ये तोंड दाखवणार नाही. पण क्लिपमध्ये 'तिची चूक' आहे, आणि राणे काकूंना ऐकू नीट येतं.

आत येऊन दोन ओळी लिहितेय. फोन चार्जिंगला आहे म्हणून सांगितलंय. बाहेरून आई, "चार्जिंग झाला काय गे? लाव ना, सगळी थांबली हत."

झालंय चार्जिंग.